पाणबुडीतली चूल

बसमध्ये चढतानाच एमस टॉलिव्हर यांनी मनाशी ठरवले होते, पोरे पाणबुडी बघायला आत गेली की आपण बाहेर बाकावर बसून त्यांचे डबे राखायचे. सहलीसाठी नात रेनिटाने परस्पर बाईंना त्यांचे नाव देऊन टाकले होते. "आमचे आजोबा युद्धात जहाजावर आचारी होते," असे वर्गभर मिरवूनही झाले होते. ते जहाज अशाच एका पाणबुडीने बुडवले, हे फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होते, आणि ती तर केव्हाच गेली.

शिकागोच्या सरोवरावरून बोचरा वारा सुटला होता. संग्रहालयाच्या भिंतीशी ती पडली होती, युद्धात पकडून आणलेली जर्मन पाणबुडी. लांबलचक, काळपट, पोट जमिनीला टेकलेले. एमस बाकाकडे वळले.

"बाई, मी आपला डबे सांभाळतो," ते म्हणाले.

"अहो टॉलिव्हरकाका, तसं चालत नाही," गॅस्किन्सबाई म्हणाल्या. "पाच मुलांमागे एक मोठं माणूस, त्याशिवाय आत सोडत नाहीत. तुम्ही बाहेर, तर तुमची पाचही बाहेर."

पाच तोंडे त्यांच्याकडे वळली. त्यातले क्लिफ्टन नावाचे आगाऊ पोर म्हणाले, "रेनिटा, तुझे आजोबा घाबरले गं!"

"घाबरत असतील तुझे!" रेनिटा उसळली, पण तिचा चेहरा पडला होता.

आपल्या भीतीपायी पोरांनी का ताटकळावे? एमस यांनी टोपी काढून खिशात कोंबली आणि ते वाकून आत शिरले.

आत जुन्या तेलाचा वास होता. पहाटेच्या समुद्रावर पसरलेले तेल, त्यात हातपाय मारणारी माणसे, सगळे नाकातून थेट छातीत उतरले.

"आजोबा, हात किती गार पडलाय तुमचा!"

"बाहेर वारा होता ना."

माहिती सांगणारा तरुण एका कोनाड्यापाशी थांबला. "हा भटारखाना. पन्नासहून जास्त माणसांचं जेवण इथंच व्हायचं."

"एवढ्याशा जागेत?" क्लिफ्टन म्हणाला. "आमची न्हाणी मोठी आहे याच्यापेक्षा!"

एमस मात्र चुलीकडे बघत राहिले. पातेली घसरू नयेत म्हणून तिच्याभोवती लोखंडी कठडा होता. त्यांच्या चुलीलाही असाच होता. नकळत ते आत सरकले, पाय फाकवून उभे राहिले, मागच्या कपाटाला कंबर टेकवली. कंबरेला बरोबर जागा मिळाली.

"पातेलं अर्धंच भरायचं," ते म्हणाले. "गळ्यापर्यंत भरलं, की वादळात सूप आपल्याच पायांवर."

"तुम्ही पाणबुडीवर होतात?" तरुणाने विचारले.

"नाही बाबा. वरच्या जहाजावर. ही मंडळी ज्यांना बुडवायची, त्यांच्यातला मी."

क्लिफ्टनने हळूच विचारले, "हिनंच बुडवलं?"

"हिनं नव्हे. हिच्या बहिणीनं."

"मग राग नाही येत?"

एमस यांनी कठड्यावरून हात फिरवला. इतकी वर्षे त्यांच्या मनात त्या माणसांना चेहरा नव्हता, पोट तर नव्हतेच. इथेही कुणीतरी कांदे चिरले असतील, खारट झाले म्हणून शिव्या खाल्ल्या असतील, हे कधी डोक्यातच आले नव्हते.

"येतो की. अजून येतो," ते म्हणाले. "पण चुलीवर कसा काढू?"

बाहेर आल्यावर सगळे बाकांवर डबे उघडून बसले. रेनिटा त्यांना खेटून बसली. "आजोबा, जहाजावर तुम्ही एकटेच रांधायचात?"

एमस यांनी सँडविचचा कागद उलगडला, पुन्हा घडी घातली.

"नाही. एलायजा होता. सूप ढवळायचा डाव कायम त्याच्या हातात. मीठ जास्त घालायचा लेकाचा."

हे नाव त्यांच्या तोंडून कित्येक वर्षांनी निघाले होते.

"मग ते कुठं असतात आता?"

"सांगतो," ते म्हणाले आणि जरा सरकून त्यांनी बाकावर जागा केली. "क्लिफ्टन, तूही ये रे इकडं. वाऱ्यात तिथवर ऐकू यायचं नाही."