डाव्या हातमोज्याचं चौथं बोट

"मावशी, मोज्याचं हे कार्ड तुमचंच ना?" साहेबाने टेबलावरून कार्ड पुढे सरकवलं. साहेब म्हणजे हातमोजे विभागाचा इंजिनिअर. वयाने तिच्या धाकट्या भाच्याएवढा, पण साहेब तो साहेब.

"अक्षर तर माझंच दिसतंय. का हो, काय झालं?"

"वरून तक्रार आलीय. डाव्या हाताचं चौथं बोट मिटताना टोचतंय म्हणे. परवा ते मोजे घालून त्या अंतराळवीर बाईंना दुरुस्तीसाठी बाहेर पडायचंय. डॉक्टर म्हणतात, वर बोटं सुजतात, त्याने होत असेल. तुमच्या सगळ्या चाचण्या पास आहेत. 'शिवण ठीक' लिहून सही करा, म्हणजे मी सुटलो."

वर म्हणजे अगदी वर. दीड तासात पृथ्वीभोवती फेरी मारणारं ते स्थानक, त्यात सहा माणसं, आणि त्या सहा जणांपायी खाली राबणारी हजारो माणसं. त्यांतली ही एक. सत्तावीस वर्षं ती अंतराळवीरांचे हातमोजे शिवत आली होती, आणि अख्खं खातं तिला टाकेबाई म्हणायचं. बाहेरच्या पोकळीत माणसाच्या आणि मरणाच्या मध्ये तुमचा टाका उभा असतो, असं एकदा मोठे साहेब भाषणात म्हणाले होते. तिने ते कौतुकाने घरी सांगितलं, तर नवरा म्हणाला, "मग माझ्या शर्टाचं बटण कधी लावतेस?"

तिने पेन उचललं आणि तिची नजर कार्डावर त्या बोटापुढे लिहिलेल्या तारखेवर गेली. नवरा जाऊन चौथा दिवस.

त्या दिवशी ती कामावर आली होती, कारण इथला नियमच तसा होता. एक जोड, एक हात. प्रत्येकीच्या हाताची ओढ वेगळी, म्हणून एकीने घेतलेला जोड दुसरीने पुरा करायचा नाही. उजवा मोजा झाला होता, डावा अर्ध्यावर होता. ती आली नसती तर दोन्ही रद्द झाले असते आणि चार महिन्यांचं काम मातीत गेलं असतं. येऊ नका, असं सगळे म्हणाले. पण घरी बसून तरी ती काय करणार होती? दोन खोल्या, आणि त्यांतली एक आता उगाचच.

तिला तिचे टाके आठवायचे. चेष्टा नाही, खरंच आठवायचे. कुठल्या मोज्याच्या कुठल्या बोटाला सुई बदलली, कुठे दोरा ओला लागला, सगळं. या डाव्या हाताचा अंगठा आठवला, त्याच्या शेजारचं बोट आठवलं, मधलंही आठवलं. चौथं काही केल्या आठवेना.

"साहेब, मी सही नाही करत."

"का?"

"हे बोट शिवल्याचं मला आठवत नाही."

साहेब हसला. "अहो मावशी, मला कालचं जेवण आठवत नाही. मशिनने तपासलंय ना?"

"मशिन हवा गळते का ते बघतं. आतल्या बाजूला टाका ओढला गेला असेल तर ते त्याला कळत नाही. बाईच्या नखाला कळतं."

साहेबाचं हसू गेलं. त्याने दार लोटून घेतलं. "कशाला पायावर धोंडा पाडून घेताय? स्थानक बंद करा म्हणून आधीच बोंबाबोंब चाललीय. काम पुढे ढकललं की पेपरवाले आपली सालटी काढतील. आणि तुम्हाला मोज्यांवरून काढावं लागेल, ते माझ्या हातात नाही."

मोजे सोडणं तिला सोपं नव्हतं. कारण या खोलीबाहेर तिला कुणी काही विचारत नव्हतं. आणि दुसरी एक गोष्ट होती, जी तिने साहेबाला सांगितली नाही. नवरा दवाखान्यात होता तेव्हा चाळीस खाटांमागे एक नर्स होती. बेल दाबून दाबून बोट दुखायचं. आणि वर कुणाला साधी सर्दी झाली तर खाली डॉक्टरांचा घोळका बसायचा. तेव्हा तिला त्या स्थानकाचा संताप आला होता. त्या सहा जणांचा, स्वतःच्या सुईचासुद्धा. तोच संताप बोटात घेऊन ती चौथ्या दिवशी शिवायला बसली नसेल कशावरून?

"काढा," ती म्हणाली. "पण त्या बाईला हे मोजे घालू देऊ नका."

काम नऊ दिवस पुढे गेलं. पेपरांत यायचं ते आलं. शेवटी ती बाई दुसऱ्याच्या मापाचे, जरा सैल मोजे चढवून बाहेर पडली. टाकेबाईने हॉलमधल्या पडद्यावर ते उभ्या उभ्या पाहिलं. सहा तास ती बाई एकेक नट फिरवत होती, मध्ये थांबून हात झटकत होती, पुन्हा कामाला लागत होती. पाठीशी सगळा अंधार. इतकी एकटी बाई टाकेबाईने आरशाबाहेर पाहिली नव्हती. तिचा सगळा राग तिथेच विरला. ही धडधाकट आत जाऊ दे, एवढंच ती मनात म्हणत राहिली. बाई आत गेली.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबाला गाठलं. "माझा तो मोजा खाली कधी येईल? एकदा उसवून बघते. आत काय झालंय ते मला कळू दे."

साहेब खाली बघत म्हणाला, "नाही येणार, मावशी. खाली येणाऱ्या यानात तसूभर जागा नसते, प्रयोगांचे नमुनेच मावत नाहीत. तो कचऱ्याच्या यानात टाकला. ते उतरत नाही, वाटेतच जळतं. सोमवारी जळालं."

ती बरं म्हणाली आणि सामानाच्या पिशव्या शिवायला बसली. आता तिच्याकडे तेच काम होतं.

संध्याकाळी ताईचा फोन आला. रोज यायचा, पाच मिनिटं.

"म्हणजे चूक होती की नव्हती, ते कळणारच नाही?"

"नाही."

"मग बोललीस कशाला गं? सत्तावीस वर्षांचं नाव घालवून बसलीस. चाचणी पास, डॉक्टर ठीक म्हणतात, तुलाच काय एवढा संशय?"

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "ताई, ते बोट शिवलं त्या दिवसाचं मला फक्त संध्याकाळचं आठवतंय. कामावरून येताना मी दोघांचं दूध घेऊन आले होते. तापवून दोन कप भरले आणि यांना हाक मारली."

पाच मिनिटं होऊन गेली, तरी दोघींनी फोन ठेवला नाही.