गॅरेजातला कोबा

भैयासाहेब नातलगांतल्या एका मुंजीसाठी धारला गेले आणि त्यांची बस देवासच्या बाहेर पडते न पडते तोच अनीशनं ब्रेकरवाल्या मानसिंगरावांना बोलावून घेतलं. सगळा चोरीचाच मामला! गॅरेजातल्या कोब्याला हात लावायचा नाही, हा भैयासाहेबांचा, म्हणजे सासऱ्यांचा हुकूम चारुलता लग्न होऊन आली तेव्हापासून ऐकत होती. कारण विचारायची सोय नव्हती. पण कोबा मधोमध बशीसारखा खचलेला, भेगांत बोट जाईल अशी गत. म्हाताऱ्याचा हट्ट, दुसरं काय! म्हणून लेकाच्या कटात तीही सामील झाली. भैयासाहेब परत यायच्या आत नवा कोबा घालून मोकळं व्हायचं, असं ठरलं.

दारापासून आत फोडत फोडत मानसिंगराव निघाले. अनीश त्यांच्या बाजूला उभा राहून तुकडे घमेल्यात भरत होता. चारुलता चहा घेऊन आली तेव्हा मशीन नेमकं मधल्या भागाला लागलं होतं आणि आवाज बदलला होता. आतून ढब्ब ढब्ब येत होतं.

"अनीश भिया, इथं पोला लागतंय जरा," मानसिंगराव थांबून म्हणाले.

"घुशींनी पोखरलं असेल. चलने दो!"

भेगेतून गार, कुजट वास दारापर्यंत आला. एप्रिलच्या भर उन्हात चारुलताच्या अंगावर काटा आला. तिची नजर पलीकडच्या भिंतीशी गेली. तिथं कोब्यावर हळदीकुंकू अजून दिसत होतं. गेल्याच महिन्यात सून शिवानीनं सव्वा महिन्याच्या चिऊला मांडीवर घेऊन तिथं विहीरपूजा केली होती.

"आई, विहीर कुठंय पण?" शिवानी हसली होती.

"घरची रीत आहे. मुकाट्यानं कर," असं चारुलतानंच तिला दटावलं होतं. अनीशच्या वेळी सासूबाईंनी तिलाही असंच दटावलं होतं. वर म्हणाल्या होत्या, भिंतीला लागून बस हं, पुढे सरकायचं नाही.

चारुलतानं चहा तिथंच ठेवला. तिनं अंगणात जाऊन भैयासाहेबांना फोन लावला. पलीकडे सनई वाजत होती.

"गॅरेजात विहीर आहे का हो?"

"कोणी सांगितलं तुला?"

"आहे की नाही, तेवढं बोला!"

"अगं, जिवंत पाण्याची विहीर बुजवायची म्हणजे घराण्याला पाप. म्हणून गर्डर टाकून झाकली, वर कोबा घातला. पूजा चालू ठेवली होती ना आपण..." मागे ब्रेकरची घरघर त्यांनाही ऐकू गेली असावी. त्यांचा आवाज एकदम बसला. "चारू, अनीश कुठं उभा आहे?"

फोन तिथंच टाकून ती धावली. "अनीश! बाहेर ये!" मशीनपुढे कोण ऐकतो! ती तशीच आत घुसली, त्याची कॉलर धरली आणि सगळा जीव एकवटून मागे ओढला. दोघं दारात कोसळले. मानसिंगरावांनी ब्रेकर सोडून उडी मारली.

मग मधला कोबा गेला. गंजलेले गर्डर कुरकुरले, ब्रेकर वायरीसकट आत ओढला गेला, आणि बऱ्याच वेळानं खाली पाणी वाजलं. कडा ढासळतच राहिल्या, पार पलीकडच्या भिंतीपर्यंत. हळदीकुंकवाचा तुकडाही वाकला आणि दिसेनासा झाला.

आवाज ऐकून शिवानी चिऊला छातीशी धरून आली. तिनं भगदाड पाहिलं, भिंत पाहिली. तिचा चेहरा पांढरा पडला.

"आई, तिथंच बसले होते ना मी? हिला घेऊन?"

चारुलताला तिच्याकडे बघवेना. अंगणात पडलेल्या फोनमधून भैयासाहेब ओरडत होते, "चारू! अनीश आहे ना? अगं, बोल ना!"

तिनं फोन उचलून शिवानीच्या हातात दिला.

"आहे म्हणावं," ती म्हणाली. "आणि तुला जे विचारायचं ते विचार त्यांना. मुकाट्यानं राहू नकोस."