तीन महिन्यांची साखर

९.१

बोटाला टोचून कळते ती त्या घटकेची साखर. तिला फसवता येतं. तपासणीच्या आदल्या दिवशी नीट वागलं की तीही नीट वागते. तीन महिन्यांच्या साखरेला फसवता येत नाही. दर तीन महिन्यांनी दंडातून रक्त काढतात आणि एक आकडा येतो. त्यात सगळं असतं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, मूल हवं असेल तर हा आकडा साडेसहावर आणा. त्याआधी नको. बाळाला धोका, तुम्हालाही.

मी छत्तीस वर्षांची. बाराव्या वर्षापासून दिवसाला इन्सुलिनची चार इंजेक्शनं.

"इंजेक्शनांवर तुम्ही कधी नऊच्या खाली आला नाहीत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पंप लावून बघू."

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. त्याने विचारलं, "मग आपोआप खाली येईल?"

"आपोआप काही येत नाही हो."

"लिफ्टसुद्धा येत नाही," तो म्हणाला.

त्या हसल्या. मी हसले की नाही ते आठवत नाही.

पंप पत्त्यांच्या कॅटाएवढा. त्यात औषधाची छोटी नळकांडी. तिथून बारीक नळी पोटाच्या कातडीखाली, आणि तिच्यातून थेंब थेंब औषध, दिवसभर. नळकांडी दर तीन दिवसांनी भरायची. शिकवणाऱ्या सिस्टरने बजावलं, औषधाला उष्णता सोसत नाही, बाटल्या फ्रिजमध्ये ठेवा. मी फ्रिजच्या दारात ठेवल्या. तिथली लोणच्याची बरणी सासूबाईंनी खाली सरकवली.

७.२

पंपाचे पहिले तीन महिने. नऊ पॉइंट एकवरून सात पॉइंट दोन.

नवऱ्याने तीन ठिकाणी फोन केला. सासूबाई म्हणाल्या, "कमरेला ते लोढणं बघून मला वाटलं होतं, नाकापेक्षा मोती जड. पण मोती खरा निघाला गं."

मी लाँड्रीत काम करते. हॉटेलांचे कपडे येतात. मी प्रेसवर. वाफेचा प्रेस म्हणजे खाली कमरेएवढा गादीचा पाट, वर तापलेलं झाकण. शर्ट पाटावर पसरायचा, पाटाच्या कडेला पोट टेकून वाकायचं, पायाने पेडल दाबायचं. झाकण खाली, वाफ, झाकण वर. तासाला पन्नास शर्ट. कॉलर मोडली तर शर्ट परत येतो. माझा परत येत नाही.

पंप पट्ट्याला मागच्या बाजूने अडकवलेला. सगळ्यांनी माझं नाव बॅटरीवाली ठेवलं.

"बॅटरीवाले, तू कधी दमत नाहीस, तुझं चार्जिंग असतं," बॉयलरवाला म्हणायचा.

"तुझ्या तोंडाचं चार्जिंग कोण करतं रे?" घडीच्या टेबलावरच्या मावशी म्हणायच्या.

७.९

तेवढ्यात चादरी दाबायच्या रोलरवर एकाच्या गळ्यातला गोफ अडकला. गोफ तुटला, मान वाचली. दुसऱ्या दिवशी मुकादमाने सगळ्यांना उभं केलं. अंगावर लोंबणारं, लटकणारं, बाहेर आलेलं काही चालणार नाही. सगळं एप्रनच्या आत.

"माझं औषध आहे ते," मी म्हटलं.

"असू दे की. आत असू दे."

मी एप्रनला आतून खिसा शिवला. पुढून, पोटापाशी, म्हणजे नळीला ताण नको. कापड दुहेरी घेतलं. घाम लागायला नको, धक्का लागायला नको. मुकादमाने वाकून पाहिलं आणि म्हणाला, "शिवणकाम चांगलं आहे."

पुढच्या तपासणीत आकडा वर.

८.३

आणखी तीन महिने.

डॉक्टरबाईंनी कागद उलटा करून पाहिला, मागे काही लिहिलंय का म्हणून. "पंपावर सुरुवातीला सगळे मन लावून करतात," त्या म्हणाल्या. "मग सैल पडतात. जेवणाआधी डोस देताय ना?"

"देते."

"विसरत नाही?"

"नाही."

"बरं."

ते बरं मी घरी घेऊन आले.

घरात, त्या आठवड्यात

"बिस्किटांचा डबा हलका लागतोय," सासूबाई म्हणाल्या.

"मी नाही खाल्लं, आई."

"मी कुठे म्हटलं तू खाल्लं?"

"मग?"

"मग काही नाही. डबा हलका लागतोय, एवढंच म्हटलं."

"मी खाल्ली," आतून नवरा म्हणाला.

"तू कशाला तिच्यावर पांघरूण घालतोस?"

"अगं आई, मी खरंच खाल्ली."

"हो, हो. आणि साखर हिची वाढली."

त्यानंतर डबा वरच्या फळीवर गेला. ताटात भात वाढताना सासूबाईंचा हात चमच्यासकट मध्येच थांबायचा. रात्री नवरा पंपाचा पडदा बघायचा आणि परत माझ्या हातात द्यायचा. तो लिफ्टवाला, दोष शोधणं त्याचं काम. सहा महिन्यांत त्याने मला एकदाही विचारलं नाही की तू चोरून खातेस का. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

एकदा मी स्वतःच आठवून पाहिलं. कदाचित खात असेन. माणूस झोपेत चालतो, तसा खातही असेल.

वहीतून

नळकांडी भरली, पहिला दिवस. सकाळी १२०, संध्याकाळी १४०.

दुसरा दिवस. सकाळी १५०, संध्याकाळी २१०.

तिसरा दिवस. सकाळी १९०, संध्याकाळी ३१०. डोस दिला. ३२०. परत डोस दिला. ३१५.

नळकांडी भरली, पहिला दिवस. सकाळी १३०.

असं पानामागून पान. हे मी स्वतः लिहिलं. मला काही दिसलं नाही. मी फक्त ३१५ बघत होते आणि काल काय खाल्लं ते आठवत होते.

बॉयलर

मग बॉयलर फुटला. फुटला म्हणजे गळायला लागला. बॉयलरवाला मात्र फुटला असंच सांगत होता. अकरा दिवस वाफ बंद. प्रेसवाल्यांना घडीच्या टेबलावर बसवलं. मी मावशींच्या शेजारी टॉवेल घडी करत होते. चौथ्या दिवशी संध्याकाळी १३५. सहाव्या दिवशी, म्हणजे नळकांडी भरल्याचा तिसरा दिवस, १४०.

मी हे मावशींना सांगितलं, कारण शेजारी त्याच होत्या.

"काय वेगळं खाल्लंस?"

"काहीच नाही. उलट काल भाचीच्या वाढदिवसाला केक खाल्ला."

"मग केक लागू पडला म्हणायचा."

बाराव्या दिवशी बॉयलर सुरू झाला. मी प्रेसवर परतले. दुपारी चहाला आले आणि एप्रन सोडून मावशींच्या मांडीवर टाकला. पंप खिशात होता, नळी माझ्या पोटाला.

"अगं बाई!" मावशींनी मांडी झटकली. "चटका बसला मला. हे काय ठेवलंयस आत?"

"पंप."

त्यांनी खिशात हात घातला, पंप बाहेर काढला, गालाला लावला. जशी बाळाची दुधाची बाटली बघतात.

"चहा आहे नुसता. औषध ना गं हे? बर्फात ठेवतेस ना?"

"फ्रिजमध्ये."

"आणि हे?"

मी प्रेसकडे पाहिलं. पाटाची कड. बरोबर माझ्या पोटाच्या उंचीवर. दिवसातून चारशे वेळा मी तिथे टेकत होते. दुहेरी कापडाने ऊब छान धरून ठेवली होती. तीन दिवस शिजलेलं औषध मी अंगात सोडत होते, आणि साखर वाढली की त्याच शिजलेल्याचा आणखी डोस.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," मावशी म्हणाल्या. मग माझा चेहरा बघून म्हणाल्या, "रडू नकोस."

मी रडत नव्हते. मला काहीच होत नव्हतं. मी चहा प्यायले.

संध्याकाळी घरी सांगितलं. सासूबाईंनी स्टूल घेतलं, फळीवरचा डबा काढला आणि खाली होता तिथे ठेवला. नवरा भिंतीकडे बघत म्हणाला, "मी यंत्रं दुरुस्त करतो."

७.०

मुकादमाला म्हटलं, मला घडीवर बसवा. तो म्हणाला, तुझ्या कॉलरी कोण करणार? मग दुसरी एक बाई कॉलरी करायला लागली. पहिल्या आठवड्यात तिचे नऊ शर्ट परत आले. मी मोजले.

टॉवेल, दुमड, दुमड, ठेव. टॉवेल, दुमड, दुमड, ठेव. उभं राहावं लागत नाही. चटके बसत नाहीत. काही परत येत नाही. मावशी बोलतात, मी हं म्हणते. प्रत्येक घासाआधी वजनकाटा, प्रत्येक डोसाआधी वही. वर्षभर कुणाच्या लग्नाला गेले नाही. भाचीच्या पुढच्या वाढदिवसाला गेले आणि केक मोजून ठेवून दिला. अडतिसावं वर्ष त्यातच लागलं.

६.६

डॉक्टरबाई खुर्चीतून उठल्या. "झालं की! आता माझी हरकत नाही. करा सुरुवात."

नवऱ्याने माझा हात धरला.

"साडेसहा म्हणाला होतात," मी म्हटलं.

"अहो, एका दशांशाने काय होतंय?"

"मग साडेसहा का म्हणालात?"

"कुठेतरी रेघ मारावी लागते म्हणून." त्या अजून हसत होत्या. "जा आता. आनंदाची गोष्ट आहे."

बाहेर आलो. मी काउंटरवर गेले आणि तीन महिन्यांनंतरची तारीख मागितली. नवरा मागे उभा होता.

"तारीख कशाची?"

"तपासणीची. साडेसहा येईल. टॉवेलांवर येतोच आहे खाली."

"त्या हो म्हणाल्या ना आत्ता."

"सहा पॉइंट सहाला म्हणाल्या."

"आणि साडेसहा आला की?"

"मग सहा पॉइंट चार. चार आणखी चांगला."

तो बाकावर बसला. मलाही बसवलं. समोर एक पोरगं खुर्चीच्या पायाला लाथा मारत होतं आणि त्याची आई त्याला नको नको म्हणत होती. दोन वर्षांपूर्वी अशी पोरं दिसली की मी त्यांचं नाव विचारायचे. आता मी त्याच्या बुटाची सुटलेली नाडी बघत होते.

"तुला मूल हवंय का अजून?" त्याने विचारलं. रागाने नाही. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला विचारतात तसं, आत किती जण आहात.

मी शोधलं. आकडे सापडले. ९.१ सापडला, ८.३ सापडला, त्यांच्या तारखा सापडल्या.

"माहीत नाही," मी म्हटलं. मग म्हटलं, "मला हे विचारत जा मधूनमधून. आकडा यायच्या आधी."

"मग आता परत विचारतो. हवंय?"

काउंटरवरच्या बाईंनी वही उघडून पेन हातात घेतलं होतं. "बुधवार की गुरुवार?" त्यांनी हाक मारली.

"जरा थांबा हो," मी म्हणाले. "आमचं बोलणं चाललंय."