भुसभुशीत

सुनेने कुंडी आडवी करून तळावर दोन थापा मारल्या. कोरफड मातीच्या गोळ्यासकट वर्तमानपत्रावर आली. मुळं तपकिरी पडली होती. बोट लावलं की साल निघून येत होती.

"रोज न चुकता पाणी घालते गं मी," सासू म्हणाली.

"त्यानंच कुजलीय, आई. ही माती चिकट आहे, ओल सोडतच नाही."

"म्हणजे करायला गेले एक आणि झालं भलतंच."

सासरे खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचा उजवा हात कुणीतरी मांडीवर विसरून गेल्यासारखा पडून असे. शर्टाची बटणं, दाढी, घास, सगळं सासूच करी. डावा हात पुढे करावा तोवर वस्तू समोर आलेली असे. हल्ली ते तोही पुढे करीत नसत.

सुनेने घमेल्यात माती, जाड वाळू, विटांचा बारीक चुरा आणि थोडं खत टाकलं. घमेलं उचलून तिने सासऱ्यांच्या पुढ्यातल्या स्टुलावर ठेवलं.

"बाबा, एवढं कालवून द्या. मी तोवर मुळं छाटते. मूठ आवळून बघायची. उघडल्यावर गोळा तसाच राहिला, तर वाळू कमी. फुटला, तर जमली."

"अगं, त्यांना कशाला? मी देते की."

"तुम्ही त्यातही तांब्याभर पाणी ओताल," सून हसून म्हणाली.

सासऱ्यांनी डावा हात घमेल्यात घातला. पहिल्याच मुठीला निम्मी माती पायजम्यावर सांडली. सासू फडकं घेऊन धावली.

"राहू दे."

शब्द जरा जड आला, पण कळला. सासू वाकलेली तशीच थांबली.

त्यांनी मूठ आवळली, उघडली. गोळा तसाच होता.

"वाळू."

सुनेने ओंजळभर वाळू टाकली. त्यांनी पुन्हा कालवलं, पुन्हा मूठ वळली. गोळा पुन्हा तसाच. आणखी वाळू पडली. या खेपेला गोळ्याला तळहातावर तडे गेले आणि माती बोटांमधून ओघळली. त्यांनी तो हात बायकोपुढे धरला.

"बघ."

तिने पाहिलं. सवयीने पदर पुढे केला, तोवर हात घमेल्यात परत गेला होता.

ती दुसऱ्या खुर्चीच्या काठावर बसली, उठली. आधीच सरळ असलेला पडदा तिने सरळ केला. मग दाराशी जाऊन चपला पायात सरकवल्या.

"मी जरा पाय मोकळे करून येते."

सुनेने मान वर केली. झटका आल्यापासून सासू औषधाच्या दुकानापलीकडे गेली नव्हती.

"या की, आई."

"ह्यांचं काही लागलं तर..."

"मी आहे ना."

दार लागलं. जिन्यावर पावलं वाजली आणि मधल्या वळणावर थांबली. सासऱ्यांचा हातही मातीत थांबला. सुनेने कात्री खाली ठेवली.

मग पावलं खाली उतरत गेली.