कापसात गुंडाळलेली शिट्टी

मी एक जुनी शिट्टी आहे. दुकानातली नव्हे, झाडाच्या फांदीची. अंगठ्याएवढी जाड, बोटभर लांब. माझ्या अंगावर एक गाठ आहे. तिच्यामुळे माझा आवाज सुरुवातीला घोगरा निघतो आणि मग एकदम उंच चढतो. पूर्वी मला त्या गाठीची लाज वाटायची. पण पुढे तिच्यामुळेच माझा आवाज दहा शिट्ट्यांत ओळखू येऊ लागला, तेव्हा मी नाक वर करून मिरवू लागले.

मित्रांनो, मला एका वायरमनने घडवलं. विजेच्या तारांना टेकणाऱ्या फांद्या छाटणं हेही त्याचंच काम. त्याच्या घरी तो आणि आठ वर्षांची मुलगी, एवढी दोघंच. मुलीची आई ती लहान असतानाच वारली होती. शाळेतून आली की पोरगी गळ्यातल्या किल्लीने दार उघडायची आणि बाबा येईपर्यंत तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत एकटी बसायची. बाबा तिला लाडाने ‘साहेब’ म्हणायचा, आणि थट्टेने ‘अहो-जाहो’ही करायचा.

एकदा बाबाच्या जोडीदाराचा खांबावरून तोल गेला. पाय मोडला, जीव वाचला. ही गोष्ट खालच्या मजल्यावरच्या मावशी कोणाला तरी सांगत होत्या आणि नेमकी पोरीच्या कानावर पडली. त्या दिवसापासून ती पाठीवरचं दप्तरही न काढता खिडकीशी बसू लागली. डब्यातला खाऊ तसाच राहायचा. बाबाने विचारलं तर म्हणायची, “भूक नव्हती.” पण बाबाच तो, त्याला कळायचं ते कळलं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी छाटलेल्या फांद्यांतून त्याने तीन तुकडे आणले.

“साहेब, इकडे बसा. आज आपल्याला कारखाना काढायचाय.”

“कसला?”

“हाका मारायचा.”

वायर सोलायच्या चाकूने त्याने पहिला तुकडा कोरायला घेतला, तो उभा चिरला. दुसरा फुंकला तर नुसताच फुसफुसला. “हा आमच्या मोठ्या साहेबांसारखा निघाला,” बाबा म्हणाला, “हवा फार, आवाज नाही.” पोरगी कितीतरी दिवसांनी हसली. तिसरा तुकडा म्हणजे मी. शेगडीवर तार लाल करून त्याने ती माझ्या मऊ गाभ्यातून आरपार घातली. दुखलं का? दुखलं, खोटं कशाला सांगू! मग त्याने पाठीवर खाच पाडली, पॉलिश पेपरने अंग घासलं, आणि माझ्याच फांदीच्या लाकडाचं एक बूच करून तोंडात बसवलं. बुचाची एक बाजू त्याने सपाट तासली होती, फुंकर आत जायला तेवढीच वाट. पण आवाज काही निघेना. तेव्हा त्याने मला पाण्याच्या पेल्यात टाकलं.

“लाकूड पाणी प्यायलं की फुगतं, बूच घट्ट बसतं. कोरडी पडली की ही मुकी होणार. रोज पाणी पाजायचं.”

“रोज?”

“तुम्हाला लागतं ना रोज?”

थोड्या वेळाने पोरीने मला फुंकलं आणि मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडले.

मग बाबाने तिला आपल्या कामातला नियम सांगितला. खांबावर माणूस चढलेला असला की खालचा माणूस हाक मारतो. वरच्याने उत्तर दिलं तरच खालचा बटणाला हात लावतो. हाकेशिवाय वरचा कधी बोलत नाही, कारण भलत्या वेळी दिलेलं उत्तर जीवावर बेततं. “तेव्हा हाक तू मारायची,” तो म्हणाला. त्या वेळी तो ‘तुम्ही’ म्हणायला विसरला. “मी कोपऱ्यावर पोचलो की तोंडाने शीळ घालीन. शीळ आली की समजायचं, बाबा धड आला. मग जेवायचं.”

ते माझे सुखाचे दिवस! खिडकीत पेला, पेल्यात मी. सहा वाजले की पोरगी मला उचलायची आणि फुंकायची. कोपऱ्यावरून दोन सुरांची शीळ यायची आणि तिच्या पाठीवरचं दप्तर धपकन खाली पडायचं. एकदा वादळात तारा तुटल्या, बाबाला यायला उशीर झाला, तेव्हा तिने मला पाऊण तास फुंकलं. मावशी वर येऊन म्हणाल्या, “अगं, कान किटले माझे! दुसरं खेळणं नाही का तुला?” मी खेळणं नव्हते, पण मावशींना कोण सांगणार? शेवटी शीळ आली, तेव्हा मावशींनीच डोळ्यांना पदर लावला.

मुली मोठ्या होतात, मित्रांनो. ही शिकली, नोकरीला लागली आणि दूरच्या शहरात निघाली. जायच्या दिवशी तिने मला पुसून कोरडं केलं, कापसात गुंडाळलं आणि चष्म्याच्या जुन्या डबीत घातलं. वर चिकटपट्टीही लावली. “बाबा, ही जपून ठेव हं.”

बाबाने जपून ठेवलं. कपाटाच्या वरच्या कप्प्यात, कागदपत्रांच्या मागे. मला पाणी लागतं हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. तो डबी हातात घ्यायचा, चिकटपट्टीवरून बोट फिरवायचा आणि परत ठेवून द्यायचा. त्याच्या कामात असंच होतं. मीटरला ज्याने सील लावलं त्यानेच ते तोडायचं, दुसऱ्याने हात लावायचा नाही. साहेबांनी बांधलंय, साहेबच सोडतील, असं त्याने मनाशी धरलं असणार.

मी आत सुकत गेले. बूच सैल झालं. अंधार, कापूस आणि मी. सात वर्षं! एवढी एकटी मी झाडावरही नव्हते.

बाबा निवृत्त झाला. आता संध्याकाळी त्याला कुठून परतायचं नव्हतं. तरी तो साडेपाचला दुधाची पिशवी आणायला निघायचा, आणि सहाला कोपऱ्यावर यायचा. आणि मग, मित्रांनो, मला कपाटात शीळ ऐकू यायची. दोन सुरांची. हाक कोणीच मारलेली नसायची. ज्या माणसाने उभ्या जन्मात हाकेशिवाय उत्तर दिलं नाही, तो रोज उत्तर देत होता. मला ओरडावंसं वाटायचं, पण लाकडाला स्वतःचा श्वास नसतो.

“अहो, या वयात कोणाला शिट्ट्या मारताय?” मावशी जिन्यात चेष्टा करायच्या.

“सवय हो,” बाबा म्हणायचा.

मग एका संध्याकाळी डबीची चिकटपट्टी टरकन निघाली. ती आली होती, न कळवता. बाबा दुधाला गेलेला होता. घड्याळात सहा व्हायला दोन मिनिटं होती. तिने मला ओठांना लावलं आणि फुंकलं. फुस्स. पुन्हा फुंकलं. फुस्स. एवढ्यात कोपऱ्यावरून शीळ आली. तिचा चेहरा उतरला. “मी तर हाक मारलीच नाही,” ती स्वतःशीच पुटपुटली, आणि तिच्या सगळं लक्षात आलं. बाबा जिना चढून दारात आला तेव्हा ती मला मुठीत धरून जमिनीवर बसून रडत होती.

“साहेब! तुम्ही कधी आलात?”

“बाबा, ही वाजत नाही. मीच कापसात बांधली.”

बाबाने पिशवी खाली ठेवली. “तहानली असेल. पाणी पाज तिला.”

पेला भरला. मी त्यात बुडाले, आणि काय सांगू, सात वर्षांची तहान! दोघं पेल्याकडे बघत बसली. तासाभराने बाबा उठला आणि पुन्हा चपला घालू लागला.

“कुठे चाललास? गुडघा दुखतोय ना तुझा?”

“कोपऱ्यावर. उत्तर द्यायला.”

तीन मजले तो कठडा धरून उतरला. कोपऱ्यावर जाऊन वर तोंड करून उभा राहिला. पोरीने छाती भरून श्वास घेतला आणि मी ओरडले! आधी घोगरी, मग उंच.

उत्तर आलं नाही.

तिने पुन्हा फुंकलं. बाबाने ओठांचा चंबू केलेला होता, पण शीळ घालायला ओठ स्थिर लागतात. त्याचे थरथरत होते. शेवटी त्याने हात वर केला, आणि कितीतरी वेळ खाली घेतलाच नाही.

चार दिवस राहून ती गेली. जाताना तिने मला कापसात नाही गुंडाळलं, पेल्यात ठेवलं. बाबा रोज सकाळी पाणी बदलतो. मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी वस्तू कोणी फार जपून ठेवली असेल. ती काढा, वापरा, झिजू द्या. झिजण्याने आम्ही मरत नाही. आणि दूर राहणाऱ्या कोणाला हाक मारायची राहिली असेल तर मारा. तिकडे कोणीतरी रोज उत्तर देत असेल.

आत्ता सहा वाजलेत. कोपऱ्यावर शीळ वाजली. मी ओली आहे, माझं बूच घट्ट आहे. फक्त फुंकणारं कोणी नाही.