ठरलेली गाडी

बापू हे त्याचं खरं नाव नव्हे. शाळेत मधल्या सुट्टीत सगळी पोरं धिंगाणा घालायची आणि हा कोपऱ्यात बसून सगळ्यांची दप्तरं सांभाळायचा, म्हणून कुणीतरी 'बापू' म्हटलं. ते चिकटलं ते चिकटलंच. आता चाळिशी ओलांडली, कपाळ मागे सरकत टाळूपर्यंत पोचलं, तरी मावसभावाच्या कचेरीत तो बापूच होता.

मावसभावाला सगळे दादा म्हणत. मूत्रपिंडाच्या रुग्णांना घरून डायलिसिस सेंटरला न्यायचं आणि परत आणून सोडायचं, हा दादाचा धंदा. टायरच्या दुकानावर तीन खोल्या, चौदा गाड्या आणि दोनशेच्या वर रुग्ण. प्रत्येकाची आठवड्यातून तीनदा फेरी. हा एवढा गाडा सात वर्षं एका बाईच्या आवाजावर चालला होता. तिला सगळे मावशी म्हणत. नक्की कुणाची मावशी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. रोज दुपारी दोन वाजता ती वही उघडून फोनला बसायची. "उद्या साडेसातला गाडी येतेय हं. स्वेटर जवळ ठेवा, तिथे गारठतं." कुणाला कमी ऐकू येतं, कुणाची सून फोन उचलून न सांगता ठेवून देते, कुणाला बेल दोनदा वाजवलेली खपत नाही, सगळं तिला पाठ.

"दोनशेचे तीनशे झाले की मावशींचा घसा बसायचा," दादा एके दिवशी बापूला म्हणाला. "तू एवढा शिकलास, मोठ्या कंपनीत वर्षं घासलीस. आता घरच्यासाठी काहीतरी कर."

बापूने दोन महिने खपून केलं. मावशीला त्याने समजावलं ते असं: प्रत्येक फेरी म्हणजे एक चिठ्ठी. चिठ्ठ्या रांगेत उभ्या राहतात. एक प्रोग्रॅम पुढची चिठ्ठी उचलतो, नकाशावर घर शोधतो, गाडी ठरवतो, ड्रायव्हरच्या आणि रुग्णाच्या मोबाइलवर निरोप पाठवतो आणि चिठ्ठी फाडून टाकतो. जमलं नाही तर चिठ्ठी परत रांगेत. पाच वेळा जमलं नाही तर मात्र तिला उचलून बाजूच्या रांगेत ठेवायचं, म्हणजे तिच्यापायी मागच्यांचा खोळंबा होत नाही. आणि हे सगळं आपल्या कचेरीत नाही, क्लाउडवर, म्हणजे दूर कुठेतरी भाड्याने घेतलेल्या यंत्रांवर. काम वाढलं की यंत्रं आपोआप वाढतात.

मावशीने चष्मा पुसत ऐकून घेतलं. "आणि बाजूला ठेवलेल्या चिठ्ठ्या कोण बघतं रे?"

"मला मेसेज येतो की, मावशी."

तेव्हा ते खरं होतं. पहिल्या आठवड्यात मेसेज यायचे ते नुसते पाऊस पडल्यासारखे. कुणा ड्रायव्हरचा मोबाइल बंद, कुठे नेट गेलं, दहा मिनिटांनी सगळं आपोआप सुरळीत. जेवताना फोन कोकलायचा, आंघोळीला गेलं की कोकलायचा. "हा फोन तरी बाहेर जाईल नाहीतर मी तरी," बायको म्हणाली, अर्धी हसत, अर्धी नाही. मग बापूने आकडा बदलला. बाजूच्या रांगेत दहा चिठ्ठ्या साठल्या तरच मेसेज यावा. एका आकड्याचा दुसरा आकडा. अर्ध्या मिनिटाचं काम.

आवाजाची कल्पना दादाची. रुग्णाने कचेरीत फोन केला तर यंत्रानेच बुकिंग बघून उत्तर द्यायचं. पण आवाज ओळखीचा हवा, म्हाताऱ्या माणसांना परका आवाज चालत नाही. खालच्या दुकानातली ठोकाठोक ऐकू जाऊ नये म्हणून मावशी डोक्यावरून ब्लँकेट घेऊन मागच्या खोलीत बसली. "भूत दिसतेय मी," आतून म्हणाली, आणि बाहेर सगळे हसले. कागदावरची वाक्यं तिने वाचली: "आपली गाडी ठरलेली आहे. वेळेवर येईल." आणि सवयीने पुढे म्हणाली, "काळजी करू नका हं." ते कागदावर नव्हतं. बापू ते कापणार होता, पण दादा म्हणाला, "राहू दे. गोड वाटतं."

त्यानंतर मावशीकडे ड्रायव्हरांच्या रजा लिहायचं काम आलं. दुपारी दोन वाजले की तिचा हात फोनकडे जायचा आणि ती तो पदरात लपवायची.

पाचव्या आठवड्यातला मंगळवार. बापूला सकाळी जरा उसंत होती म्हणून त्याने बाजूची रांग उघडून बघितली. तीन चिठ्ठ्या. तिन्हींचं कारण एकच, पत्ता सापडला नाही. पत्ता होता, 'छापखान्यामागे, पाण्याच्या टाकीला लागून, खालचं दार'. बापूला हसू आलं. शेंबडं पोरसुद्धा या पत्त्यावर पोचलं असतं, पण नकाशाला कुठली टाकी आणि कुठलं दार! त्याने अर्ध्या तासात दुरुस्ती केली: नकाशाला घर सापडलं नाही तर पत्ता आहे तसाच ड्रायव्हरला पाठवायचा. करून बघितलं, चाललं. मग त्याने तिन्ही चिठ्ठ्या निवडून 'पुन्हा पाठवा' हे बटण दाबलं. तिनाचं शून्य झालं. चिठ्ठ्या कुणाच्या, कुठल्या तारखेच्या, हे त्याने बघितलं नाही. चहा मागवला.

पाऊण तासाने मावशीच्या टेबलावरचा फोन वाजला. ड्रायव्हर मोठ्याने बोलत होता, सगळ्या खोलीला ऐकू येत होतं.

"मावशी, छापखान्यामागे आलोय. शिंपीकाकांकडे. मोबाइलवर आलं तसा आलो. माझ्यामागे आपल्याच आणखी दोन गाड्या येऊन उभ्या आहेत. आणि इथे दारात माणसं जमलीत. काका काल गेले म्हणतात."

मावशीने रजांची वही मिटली.

"मावशी? मी काय करू?"

"हॉर्न वाजवलास का?"

"वाजवला. तिघांनीही वाजवला."

"गाडी बंद कर. तिघंही खाली उतरा. दोन मिनिटं गप्प उभे राहा आणि मग निघा."

तिने फोन ठेवला आणि बापूकडे बघितलं. बापू तोवर तारखा बघत होता. एक चिठ्ठी गेल्या गुरुवारची, एक शनिवारची, एक आजची. शिंपीकाकांना जिने चढवेनात म्हणून महिनाअखेरीला त्यांनी घर बदललं होतं आणि काकूंनी नवा पत्ता नीट कळवलाही होता. बुकिंग झालं की यादीत 'ठरली' पडायचं, तसं गुरुवार-शनिवारच्या दोन्ही फेऱ्यांसमोर पडलेलं होतं. गाडी कुणी पाठवलीच नव्हती. आणि दहा चिठ्ठ्या साठल्या नव्हत्या म्हणून कुणाला कळलंही नव्हतं.

चहा आला तो तसाच निवला.

संध्याकाळपर्यंत दादाने चौकशी केली. "शनिवारी ते टॅक्सीने गेले होते सेंटरला. उशीर झाला म्हणून त्यांनी परत पाठवलं, मशीन रिकामं नाही, सोमवारी या म्हणून. म्हणजे चूक त्यांची. आपल्यावर कशाला ओढून घेतोस?"

"गुरुवारी आणि शनिवारी गाडी गेली असती तर टॅक्सीची वेळच आली नसती."

"बापू, आधीच पिकलं पान होतं ते. तू तिथे जाऊ नकोस. गेलास की आपण कबूल केल्यासारखं होतं."

"कबूलच आहे, दादा."

शुक्रवारी दुपारी तो निघाला तेव्हा मावशी जिन्यात उभी होती, पिशवी खांद्याला. "मीही येते," म्हणाली.

एकच खोली. खिडकीशी शिलाई मशीन, त्यावर निम्मी उसवलेली पँट, सुई तशीच टोचलेली. काकू पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. सत्तरीच्या, बारीक, केस घट्ट बांधलेले. बापूने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पत्ता, चिठ्ठ्या, बाजूची रांग, दहाचा आकडा. "तो आकडा मी ठेवला होता," म्हणाला. त्याचं त्यालाच ते भलत्या भाषेतलं वाटत होतं.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बसा."

दोघं बसले.

"गुरुवारी सहापासून शर्ट घालून बसले होते. आठ वाजले, नऊ वाजले. मी म्हटलं, टॅक्सी करू. तर म्हणाले, अगं, गाडी ठरलीय म्हणते ना ती? आपण निघून गेलो आणि ड्रायव्हर आला तर त्याची फेरी फुकट जाईल. असा माणूस. गिऱ्हाइकाने कपडे नेले नाहीत तरी चार वर्षं सांभाळून ठेवायचा." काकूंनी पलंगावरची चादर सरळ केली. "मी तीनदा फोन केला तुमच्याकडे. तिन्ही वेळा तेच. ठरलेली आहे, वेळेवर येईल."

"ते रेकॉर्डिंग असतं, काकू. यंत्र बोलतं ते."

"यंत्र कसं? त्या बाई होत्या. मला का आवाज ओळखता येत नाही? चार वर्षं बोलतेय त्यांच्याशी. माझ्या गुडघ्याचं विचारायच्या. शनिवारी सकाळी मी त्यांना सांगितलं, बाई, ह्यांना धाप लागतेय, पाय सुजलेत. तर म्हणाल्या, काळजी करू नका हं." काकू थांबल्या. "त्या म्हणाल्या म्हणून मी आणखी दोन तास थांबले. परक्या कुणी म्हटलं असतं तर थांबले नसते."

"काकू," मावशी म्हणाली.

एवढाच एक शब्द. काकूंची मान झटकन वर आली.

"तुम्ही."

"मी नव्हते हो फोनवर."

"आवाज तुमचा होता."

"हो. आवाज माझा होता."

"मग मी कुणाशी बोलत होते?"

बाहेर टाकीत पाणी पडत होतं, त्याचा आवाज तेवढा येत राहिला. मावशीने पुढे होऊन काकूंचा हात धरायला बघितलं. काकूंनी हात काढून घेतला, रागाने नाही, गरम भांड्यावरून काढून घ्यावा तसा.

"मंगळवारी तीन गाड्या आल्या," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "तीन. शेजारच्यांना वाटलं, आमचे पाहुणेच आले. या आता तुम्ही."

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर मावशी थांबली. "बापू, तो आवाज आत्ताच्या आत्ता काढ."

बापूने तिथेच, पानाच्या टपरीला टेकून, मोबाइलवर ते काम केलं. दादाचा फोन आला पाच मिनिटांत. "नुसती रिंग वाजतेय! लोकांनी काय ऐकायचं?"

"वाजू दे. कुणीतरी उचलेल."

सोमवारी मावशी पुन्हा फोनला बसली. बापूनेच गळ घातली होती. पहिला फोन आला, "गाडी येतेय ना?" फोनवर हात ठेवून ती बापूला म्हणाली, "ड्रायव्हरला विचार. निघालाय का, कुठे आहे, घर दिसतंय का त्याला." बापूने विचारलं. निघालेला होता. तेव्हा कुठे ती म्हणाली, "निघालीय." दुसऱ्या फोनला तेच, तिसऱ्याला तेच. दुपारपर्यंत तिने नऊ फोन घेतले आणि तीस जण फोन लागायची वाट बघत ताटकळले. दादा येऊन दारात उभा राहिला आणि निघून गेला. मंगळवारी मावशी आली नाही. बुधवारी तिने भाच्याबरोबर कचेरीच्या किल्ल्या पाठवून दिल्या. तेव्हा कळलं की ती खरोखर कुणाचीतरी मावशी होती.

बापूने काय काय घडलं ते एका कागदावर स्वच्छ लिहिलं, खाली सही केली आणि काकूंना नेऊन दिलं. पुढेमागे कुठे दाखवायचा झाला तर असावा म्हणून. काकूंनी तो न वाचता मशीनच्या खणात ठेवला. त्यांनी तो कुठेच दाखवला नाही. दादाला मात्र कागदाचं कळलं आणि दोघा भावांचं बोलणं कामापुरतं उरलं. आता बाजूच्या रांगेत एक चिठ्ठी पडली तरी फोन वाजतो, आणि तारीख उलटलेली चिठ्ठी पुढे जाऊच शकत नाही. फोनवर दोन मुली असतात. दोघी हुशार आहेत. रुग्ण तीनशेच्या वर गेले, आणि त्यानंतर एकही फेरी चुकलेली नाही. हे बापू कुणाला सांगत नाही.

महिन्यातून एकदा तो मावशीला फोन करतो. ती उचलते, पण काही बोलत नाही. समोरचा बोलेपर्यंत 'हॅलो'सुद्धा म्हणत नाही. कितीतरी लोक फोन लागला नाही म्हणून ठेवून देतात, असं भाचा सांगत होता. बापूला आता माहीत झालंय. तो स्वतःच सुरुवात करतो.

"मावशी, मी बापू."

मग थोड्या वेळाने पलीकडून "हं" येतं, आणि तो काहीबाही सांगत बसतो.