पाठकोरं राहिलेलं कार्ड

मी एक जुनी लाकडी पेटी आहे. मित्रांनो, जुनी म्हटलं म्हणून हळहळू नका. माझे कोपरे अजून काटकोनात आहेत आणि माझ्या पोटात दोनशे चाळीस इंग्रजी विशेषणं आहेत. एवढी तर भल्याभल्यांच्या तोंडात नसतात.

एका सुताराने मला वाचनालयासाठी घडवलं, पुस्तकांची कार्डं ठेवायला. पुढे तिथलं सामान बदललं आणि मला दाराबाहेर काढून ठेवलं. तिथून मला इंग्रजीच्या बाईंनी उचललं. बाई दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवत. एक स्वयंपाकी यायचा, दोन ड्रायव्हर यायचे, घरी बसून कंटाळलेले एक आजोबा यायचे. बाईंनी जाड पुठ्ठ्याची कार्डं कापली, प्रत्येकावर एकेक विशेषण लिहिलं आणि मागची बाजू कोरी सोडली.

कारण बाईंचा एक नियम होता. रोज एक कार्ड घरी न्यायचं, त्या शब्दाला शोभेल अशी वस्तू शोधायची आणि कार्डाच्या पाठीवर तिचं नाव लिहून आणायचं. "ज्या शब्दाला तुमच्या घरात जागा मिळाली नाही, तो अजून तुमचा झाला नाही," असं बाई म्हणत. स्वयंपाक्याने 'स्टिकी'च्या पाठीवर 'फ्रिजचं हँडल' लिहिलं. आजोबांनी 'लूज'च्या मागे 'माझी कवळी' लिहून आणलं, तेव्हा वर्गाची हसून हसून पुरेवाट झाली. 'नाइस'ची पाठ तर भरूनच गेली: हवा, चहा, शेजारीण, नव्या चपला. रोजच्या इंग्रजीत हा शब्द मिठासारखा सगळ्यांत पडतो, हे मला तेव्हाच कळलं. फक्त 'फाइन' तेवढं पाठकोरं राहिलं. दिवसातून दहा वेळा सगळे तो शब्द बोलत, पण त्याच्यासाठी वस्तू काही कुणाला सापडेना.

मग मोबाइल आले. तयार वाक्यं बोटावर मिळू लागली. माझी रवानगी कपाटावर झाली आणि डोक्यावर डिंकाची बाटली येऊन बसली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण माझ्यावाचून कधीतरी कुणाचं तरी अडणार, याची मला खात्री होती.

अडलं ते वर्गातल्या मावशींचं. मावशी कपडे शिवायच्या. लेकीला या परमुलखातल्या शहरात नोकरी लागली, म्हणून त्या तिच्याबरोबर आल्या होत्या; इथल्या डॉक्टरांना मराठी कळत नसे. दोन जिने चढून वर्गात आल्या की छातीवर हात ठेवून पाच मिनिटं गप्प बसत. एका सकाळी ती पाच मिनिटं संपेचनात, तेव्हा बाई त्यांच्याजवळ गेल्या.

"मावशी, डॉक्टरांकडे गेला होतात ना?"

"दोनदा गेले की."

"मग काय सांगितलंत त्यांना?"

"त्यांनी हाऊ आर यू विचारलं. मी म्हटलं, फाइन, थँक यू. त्यांनी शक्तीच्या गोळ्या दिल्या."

"अहो, असं कसं म्हणालात?"

"तुम्हीच नाही का शिकवलंत? विचारलं की फाइन म्हणायचं म्हणून!"

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी मोबाइल पुढे केला. "काय होतंय ते आपल्या भाषेत यात बोला."

"कसंतरीच होतंय गं बाई," मावशी म्हणाल्या. मोबाइलने त्याचं जे काही इंग्रजी केलं, ते वाचून बाईंनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी स्टूल ओढलं, डिंकाची बाटली बाजूला केली, मला पिशवीत घातलं आणि मावशींना रिक्षात बसवून थेट दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी नेहमीसारखंच हसून विचारलं, "हाऊ आर यू?" मावशींच्या ओठावर 'फाइन' आलाच होता. पण बाईंनी माझं झाकण उघडलं आणि दुखण्याची कार्डं टेबलावर पसरून प्रत्येकाचा अर्थ सांगितला. मावशी कापड निवडावं तशा बघू लागल्या. 'शार्प' बाजूला सारलं. 'बर्निंग' सारलं. 'टाइट'वर मात्र बोट ठेवलं. पाठीवर कुणीतरी 'बरणीचं झाकण' लिहिलेलं होतं.

"झाकण नव्हे," मावशी म्हणाल्या. "बगल कमी कापली गेली की कोट छातीवर कसा आवळतो, तसं. जिना चढले की आवळतं, बसले की सैल पडतं." आणि त्यांनी 'हेवी' उचलून 'टाइट'च्या शेजारी ठेवलं.

बाईंनी ते इंग्रजीत सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्याच दुपारी मावशींना मोठ्या इस्पितळात हलवलं. हृदयाची एक नस जवळजवळ बंद झाली होती. आणखी आठवडाभर त्या फाइन राहिल्या असत्या, तर परत दिसल्या नसत्या. मित्रांनो, मी लाकडाची आहे, तरी त्या दिवशी मी घाबरले होते.

आता मी पुन्हा टेबलावर असते. माझ्या बिजागऱ्यांना कधीमधी तेल द्या आणि डोक्यावर डिंक ठेवू नका, एवढंच माझं मागणं. तुमच्या घरात कुणी नुसतंच "बरंय" म्हणालं, तर लगेच पाठ फिरवू नका. आणखी एक शब्द मागा.

त्या दुपारनंतर दीड महिन्याने मावशी वर्गात आल्या. दारात थांबल्या नाहीत, छातीवर हात ठेवला नाही. सरळ माझ्यापाशी येऊन त्यांनी 'फाइन' हे कार्ड शोधून काढलं आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर ठळक अक्षरांत लिहिलं: 'मी. आत्ताच दोन जिने चढून आले.'